पपांची नकलनवीस

अँब्रोज थर्लोंना झटका आला तो सकाळच्या टेबलावर, उकडलेल्या अंड्याचं टोक फोडता फोडता. चमचा हातातून गळला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि अख्ख्या चेल्टनहॅममध्ये चिनी भाषा जाणणारा जो एकुलता एक माणूस होता तो खुर्चीतून घसरून गालिच्यावर पडला. त्यांची मुलगी गसी समोरच बसली होती. आधी तिला वाटलं, अंडं कच्चं राहिलं म्हणून पपा चिडले. ती घाईघाईने म्हणालीसुद्धा, "दुसरं उकडायला सांगते."

जीव वाचला. पण उशीला टेकून बसायला लागले तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि त्याबरोबर इंग्रजीही गेली होती. राहिली होती ती चिनी. तीही धडधाकट, एखाद्या बाजारात उभं राहून बोलावी तशी. डॉक्टरांनी डोळ्यांत पाहिलं, गुडघ्यावर टकटक केली, जीभ बाहेर काढायला लावली. जीभ बाहेर आली नाही, तिच्यावरून एक लांबलचक चिनी वाक्य मात्र आलं. डॉक्टरांनी बॅग आवरली.

"असं होतं कधी कधी," जिना उतरताना ते म्हणाले. "घरातली एखादी खोली बंद व्हावी तसं. इंग्रजीच्या खोलीला कुलूप लागलंय."

"किल्ली?"

"मिस थर्लो, मी पोटाचा डॉक्टर आहे. वाट पाहायची, दुसरं काय."

थर्लोंची सगळी कारकीर्दच वाट पाहण्यात गेली होती. विशीत ते चीनमधल्या फूचाऊच्या वकिलातीत दुभाष्याच्या उमेदवारीवर गेले. बरोबरची पोरं टेनिस खेळायची आणि ताप येऊन मरायची. हे मात्र एका म्हाताऱ्या मास्तरांपुढे बसून तिथली बोली गिरवत राहिले. त्या मास्तरांनीच त्यांना चिनी आडनाव दिलं. थर्लोमधलं शेवटचं 'लो' तेवढं त्यांच्या जिभेला पेललं, म्हणून हे 'लो' झाले. तिकडे लो-साहेबांची कोर्टकचेऱ्यांतून वाहवा होत होती आणि इकडे बायको इंग्लंडात खोकत होती. गसीने बापाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते आईच्या दफनानंतर. दारात एक उन्हाने रापलेला परका गृहस्थ उभा होता आणि तिला विचारत होता, "तुझं अक्षर कसं आहे?"

पुढे एका विद्यापीठाने त्यांना चिनी भाषेचं अध्यासन दिलं. पगार बेताचा, विद्यार्थी त्याहून बेताचे. सगळ्या नोकरीत मिळून दोन. एकाला मिशनरी होऊन चीनला जायचं होतं, त्याला वरिष्ठांनी आफ्रिकेत धाडलं. दुसरा हिवाळाभर नेमाने यायचा आणि वर्गातल्या शेगडीला चिकटून बसायचा. वसंत आला तसा तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. थर्लो रिकाम्या बाकांसमोर व्याख्यान देत राहिले, कारण नियमात व्याख्यान द्यावं असं होतं, कोणी ऐकावं असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

खरं काम घरी चालायचं. शब्दकोशाचं. खोक्यांवर खोकी भरून चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक चिनी अक्षर. ते अक्षर कुंचल्याने काढायचं काम गसीचं. अर्थाचा रकाना पपा स्वतः भरत, तो तिच्या हाती कधी आला नाही. सतरा वर्षांची असताना तिने एकदा विचारलं होतं, "पपा, याचा अर्थ काय?"

"तुला काय करायचाय? नकलणाऱ्याला अर्थ कळला की तो शहाणपणा करायला लागतो. एखादी रेघ चुकलीशी वाटली की आपल्या मनाने सुधारतो. न कळणारा दिसेल तेच काढतो. तुझा हात चांगला आहे, गसी. त्यात डोकं घालू नकोस."

तिने घातलं नाही. केस पिकायला लागले तोवर तिने हजारो अक्षरं काढली, अशी सुरेख की लंडनचे लोक छापलेलीच समजत. तिला त्यातल्या एकाचाही अर्थ ठाऊक नव्हता. तिने आपली त्यांना नावं ठेवली होती: हा शिडीवाला, ही टोपीवाली बाई, हे पाय मोडलेलं टेबल. पपांचं आडनाव प्रत्येक खोक्यावर काढावं लागे, ते तिचं लाडकं होतं. वर जाळीची खिडकी, खाली डावीकडे गाठी मारलेला दोरा, उजवीकडे पक्ष्यासारखं काहीतरी.

आणि आता या घरात पपा दिवसभर बोलत होते आणि कोणाला काही कळत नव्हतं.

त्यातलं एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं. गसी खोलीत शिरली की ते डाव्या हाताने निर्जीव उजवा हात उचलत, दोन्ही छातीशी जुळवत, मान किंचित झुकवत आणि ते छोटंसं वाक्य बोलत. मग तिच्या तोंडाकडे आशेने बघत राहत. काहीतरी मागत होते, एवढं आंधळ्यालाही दिसलं असतं. पण काय? गसीने चष्मा दिला, बायबल दिलं, खिडकी उघडली, खिडकी लावली. जुळलेले हात बघून तिला वाटलं सांधे दुखतात, म्हणून तिने तेल चोळलं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मिसेस पेन्फोल्डची ठाम समजूत होती की साहेबांना पुडिंग हवंय.

"बत्तीस भाज्या खाल्लेला माणूस आहे तो, मिस. माझ्या बीफ-टीच्या कढणावर दिवस काढील होय?"

पुडिंग आलं. पपांनी पुडिंगला मान झुकवली, गसीकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तिने हसून मान डोलावली. "हो पपा. हो."

ते थोडे खट्टू झाले. मग त्यांनी तिचा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि त्यावरून हळूहळू तर्जनी फिरवायला लागले.

गसी थिजून बसली. या माणसाने तिला आयुष्यात कधी कुरवाळलं नव्हतं. नाताळला गालावर कोरडे ओठ टेकायचे तेवढेच. आता ते बोट तिच्या तळव्यावरून वर, खाली, आडवं फिरत होतं, आणि घाई म्हणून नव्हती. तिने डोळे मिटून घेतले. ते थांबेपर्यंत तिने उघडले नाहीत.

त्यानंतर रोज तसं होऊ लागलं. ते वाक्य, तिचं कसनुसं हसणं, आणि मग तळवा. तिने हे कोणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर ते आजारपण तिला थोडं गोड लागायला लागलं होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत होती. म्हणूनच तिने पणच केला की पपा काय मागतायत ते शोधून काढायचं. जो माणूस आपल्याला इतकं देतोय त्याची एक साधी मागणी आपल्याला पुरवता येऊ नये, हे तिच्या जिवाला लागलं.

हाय स्ट्रीटवरच्या चहाच्या दुकानाने नुकताच जाहिरातीसाठी एक चिनी माणूस दाराशी उभा केला होता, रेशमी झगा घालून. मिसेस पेन्फोल्डने एका दुपारी त्यालाच धरून आणलं. त्याचं नाव आ-क्वाय. तो जहाजावर खलाशी होता आणि त्या झग्याखाली त्याचे खलाशी बूट दिसत होते. पपा त्याला बघून उठायलाच निघाले. दोघं बोलले. थांबले. पुन्हा बोलले, जरा मोठ्याने. मग पपांनी एकच शब्द उच्चारला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"फार छान बोलतात," आ-क्वाय अदबीने म्हणाला.

"काय बोलतात?"

"ते कळलं नाही, बाईसाहेब. हे वरच्या किनाऱ्याचं बोलणं. मी कँटनचा. तुमच्याकडे समुद्रापलीकडचा डच माणूस आला तर तुम्हाला कळेल?"

"एक अक्षरसुद्धा नाही कळलं?"

"शेवटचं कळलं." त्याने हसू दाबलं. "दक्षिणेकडच्या माणसांना ते लोक तिकडे असंच म्हणतात. बाईमाणसासमोर सांगण्यासारखं नाही."

आता एकच माणूस उरला होता, आणि त्याचं नाव या घरात घ्यायची सोय नव्हती. प्रोफेसर सेप्टिमस क्रॅडॉक. चिनी उच्चार इंग्रजी अक्षरांत कसे लिहावेत, यावरून दोघे एकमेकांना पाण्यात पाहत. कोणत्या स्वरावर टिंब द्यायचं यासाठी या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांची आयुष्यं नासली. क्रॅडॉकच्या मोठ्या भाषांतरावर पपांनी असा लेख लिहिला होता की ते पुस्तक पुन्हा छापलं गेलं नाही. 'प्रोफेसर क्रॅडॉक चिनी शिकले ते सोफ्यावर पडून हातपाय मारत पोहणं शिकावं तसे,' असं त्यात एक वाक्य होतं. गसीला ते तोंडपाठ होतं. छापखान्यासाठी त्या लेखाची सुवाच्य प्रत तिनेच केली होती.

तिने क्रॅडॉकना बोलावणं धाडलं तेव्हा तिला वाटलं, उत्तरच येणार नाही. ते स्वतःच आले. पायाला संधिवात, हातात दोन काठ्या, चेहरा गाडीच्या धुराने काळवंडलेला.

"थर्लो खरंच इंग्रजी विसरले?" दारातच त्यांनी विचारलं.

"सगळी."

"म्हणजे तो लेखही विसरले असतील." त्यांनी हॅट काढली. "इतकी वर्षं मी त्याचं उत्तर घासूनपुसून तयार करत होतो, मिस थर्लो. यंदा जमलं होतं."

ते पलंगाशी बसले, घसा खाकरला आणि गाडीत पाठ केलेलं एक चिनी स्वागतवाक्य म्हणून दाखवलं. पपा कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले. मग ते स्वतः बोलले, भरभर, बरंच काही. क्रॅडॉकच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"काय म्हणतात?" गसीने विचारलं.

"मला माहीत नाही."

"पण तुम्ही प्रोफेसर ना?"

"वाचण्याचा." ते काठीच्या मुठीकडे बघत राहिले. "मी चीनला कधी गेलोच नाही. माणसाच्या तोंडून चिनी मी आज पहिल्यांदा ऐकली, आणि तीही तुमच्या वडिलांच्या. त्यांनी लिहिलं होतं ते खरंच होतं, सोफ्याचं."

गसीने हात टेकले. मग पपा अस्वस्थ झाले, चुकचुकले, त्यांनी क्रॅडॉकचा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बोट फिरवायला लागले.

गसी खुर्चीतून पुढे सरकली. ते तिचं होतं. या वैऱ्याला ते कशाला? पण क्रॅडॉकनी हात मागे घेतला नाही. ते वाकले, त्यांचे ओठ हलायला लागले.

"थांबा, थांबा. अहो, हे लिहितायत," ते म्हणाले. "पुस्तकात वाचलंय मी. तिकडे दोघांना एकमेकांची बोली कळली नाही की तळहातावर अक्षर काढून दाखवतात. बोली शंभर असतील, अक्षर एकच. मिस थर्लो, मला वाचता येतंय." ते आणखी खाली वाकले. "काय माणूस आहे. 'आपलं शुभनाव?' म्हणून विचारतायत. आडनाव विचारतात तिकडे. परका माणूस समोर आला की पहिला प्रश्न हाच. जगातला सगळ्यात सभ्य प्रश्न आहे तो."

आणि त्यांनी पपांच्या तळव्यावर आपलं चिनी नाव काढून दाखवलं. पपांनी हात छातीशी जुळवले, मान झुकवली. वैर कुठल्या कुठे गेलं होतं. क्रॅडॉक डोळे पुसत होते.

परका माणूस समोर आला की, हे शब्द गसीच्या कानात राहिले. तिला आतून कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. तिने हात पुढे केला.

"माझ्या हातावरही रोज लिहितात. ते वेगळं असेल. बघा ना जरा."

पपा तिच्याकडे वळले. ते हात जुळवणं, ते वाक्य, मग तर्जनी. क्रॅडॉक त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. पहिल्यांदाच गसीनेही डोळे उघडे ठेवले. बोट उचललं गेलं तेव्हा क्रॅडॉक आपल्या काठ्या चाचपायला लागले.

"हे वेगळं आहे," मग ते म्हणाले. "हे असं आहे की, 'तू माझी फार सेवा केलीस, पोरी, देव तुझं...'"

"दोनच अक्षरं होती, प्रोफेसर."

"चिनीत दोन अक्षरांत पुष्कळ—"

"तुमच्या हातावर काढली तीच. मला अर्थ कळत नाही, अक्षर कळतं. दोन्ही मी काढलेली आहेत."

क्रॅडॉकनी काठ्या एकमेकींवर ठेवल्या. "हो," ते म्हणाले. "तीच आहेत."

म्हणजे इतके आठवडे हे चाललं होतं. पपा तिला अदबीने विचारत होते, बाई, आपण कोण, आणि ती हसून मान डोलावत होती. ते खट्टू होऊन तिच्या तळव्यावर लिहून विचारत होते, आणि ती डोळे मिटून सुखावत होती. कोणीतरी मुस्काटात मारावी तसा तिचा चेहरा तापला. तिला पपांचा राग आला नाही. त्या मिटलेल्या डोळ्यांचा आला.

ती उठली. खिडकीशी तिचं टेबल होतं, कुंचला होता, शाई होती. एका कोऱ्या चिठ्ठीवर तिने जाळीची खिडकी काढली, गाठींचा दोरा काढला, पक्षी काढला.

"आता याच्याखाली 'मुलगी' काढायचंय. मला दाखवा."

क्रॅडॉकनी पेन्सिलीने ओबडधोबड काढून दाखवलं. हे होय? हे तर तिने शेकडो वेळा काढलं होतं, दुसऱ्या अक्षरांच्या कडेलासुद्धा. ती त्याला गुडघे मुडपून बसलेली म्हणायची. तिने ते सावकाश, रेघ न थरथरू देता काढलं आणि चिठ्ठी पपांच्या पुढे धरली.

पपांनी वाचली. त्यांचा अर्धा चेहरा उजळला; दुसऱ्या अर्ध्याला उजळता येत नव्हतं. त्यांनी आपल्या छातीवर हात मारला, चिठ्ठीवर मारला, पुन्हा छातीवर. हसले. डाव्या हाताने पांघरूण सारून तिला पलंगावर बसायला जागा केली. गसी बसली.

"ओळखलं त्यांनी," ती म्हणाली. "प्रोफेसर, ओळखलं मला."

पपा क्रॅडॉकच्या तळव्यावर लिहीत होते. क्रॅडॉक वाचत होते आणि मान वर करत नव्हते.

"सांगा," गसी म्हणाली. "खोटं सांगू नका."

"म्हणतात, काय योग आहे. परदेशात एकाच आडनावाचं माणूस भेटलं. तिकडे आडनाव एक म्हणजे घर एक, ओळख नसली तरी भाऊबंद मानतात. पुस्तकात वाचलंय मी." ते थांबले. पपांचं बोट चालूच होतं. "लो घराण्याची मुलगी आणि अक्षर इतकं सुंदर, म्हणतात, वडिलांनी लक्ष घालून शिकवलेलं दिसतंय. म्हणतात, माझ्याही घरी मुलगी आहे. तिला बोलावतो. ती चहा आणील, तुमची ओळख होईल."

पपांनी हात सोडला, दाराकडे मान वळवली, आणि झटका आल्यापासून जे तोंड इंग्रजीचा एक शब्द उच्चारू शकलं नव्हतं त्या तोंडातून आलं, "गसी!"

तोच आवाज. अभ्यासिकेतून तिच्या अंगावर येणारा, घाईचा, थोडा चिडका. त्या आवाजाला ती हातातलं काम टाकून धावत असे.

"आहे ना पपा. इथेच आहे. बघा तरी." तिने त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला. ते संकोचले. परक्या बाईने चेहऱ्याला हात लावावा म्हणजे जरा जास्तच होतं. त्यांनी तिचा हात हळूच खाली ठेवला, मान झुकवून दिलगिरी दाखवली, घरचं माणूस येत नाही म्हणून, आणि पुन्हा दाराकडे ओरडले, "गसी!"

इतक्या अदबीने ते तिच्याशी जन्मात कधी वागले नव्हते.

क्रॅडॉकनी तोंड खिडकीकडे फिरवलं. शब्दकोशातली सगळी अक्षरं त्यांना येत होती, आणि या घडीला त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

"गसी!" आता पपा काकुळतीला आले होते. पाहुणी ताटकळली होती, आणि त्यांची ती मुलगी, जी एका हाकेत यायची, ती येत नव्हती.

गसी उठली. खोलीबाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं. बोळात मिसेस पेन्फोल्ड चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"काय झालं, मिस? साहेब तुमचं नाव घेतायत. मी ऐकलं ना. ओळखलं वाटतं?"

"मला बोलावतायत," गसी म्हणाली. तिने तिच्या हातातून ट्रे घेतला, केस सारखे केले, आणि आतून पुन्हा हाक आली तशी दार ढकलून आत गेली.

"आले, पपा."

पपांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे दाराकडे पाहिलं, आणखी कोणी येतंय का म्हणून. मग पुन्हा तिच्याकडे. सभ्य गृहस्थाने पाहुण्याला किती वेळ उभं ठेवायचं? त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलला, दोन्ही छातीशी जुळवले, आणि ते वाक्य म्हटलं.

गसीने ट्रे टेबलावर ठेवला, पलंगाशी बसली आणि तळवा पुढे केला. त्यांनी लिहायला सुरुवात केली. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.